दिवा हिरवा आहे का?

माझे भावोजी कुठलीच गोष्ट एकदा करून थांबत नाहीत. कुलूप लावलं की ओढून बघतात, जिना उतरतात आणि परत वर येऊन ओढून बघतात. घराच्या किल्ल्यांचा एक जुडगा आमच्याकडे, एक त्यांच्या बहिणीकडे आणि एक बँकेच्या लॉकरमध्ये. लॉकरची किल्ली मात्र घरातल्या कपाटात. म्हणजे बाहेर अडकलात तर लॉकर उघडायला आधी घरात शिरावं लागेल, असं मी एकदा दाखवून दिलं. त्यावर ते म्हणाले, "मेहुणीबाई, म्हणूनच तर एक तुमच्याकडे दिलाय."

इस्पितळात एक्स-रे काढण्यात त्यांचं आयुष्य गेलं. "श्वास घ्या, रोखा, सोडा," हे ते झोपेतही म्हणतात असं ताई सांगते. तिथली त्यांची एक शिस्त होती: यंत्रावर विश्वास ठेवायचा नाही, माणसाला विचारायचं. मशीन तयार आहे असं मशीन कितीही सांगो, भावोजी काचेपलीकडच्या नर्सला विचारणार, "दिवा लागलाय का?" ती "हो" म्हणाली की मगच बटण. निवृत्त झाल्यावर जपायला काहीतरी हवं होतं, म्हणून त्यांनी डबा आणला.

डबा म्हणजे टोस्टरएवढं काळं यंत्र. घरातल्या सगळ्या फोनमधले फोटो, कागदपत्रं, गाणी, सगळं त्यात साठतं. त्यांनी गॅसच्या पावत्यांपासून स्वतःच्या दातांच्या एक्स-रेपर्यंत सगळं आत कोंबलं. पण त्यातली एकच गोष्ट खरी मोलाची होती, ती म्हणजे ताईचा आवाज.

माझी ही थोरली बहीण टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. संध्याकाळची पाळी असायची, म्हणून निघण्याआधी ती लेकीसाठी एक गोष्ट कॅसेटवर बोलून ठेवायची. पोर रोज त्या आवाजावर झोपायची. पुढे गळ्यातली गाठ काढताना ताईचा आवाजच गेला. आता ती नुसती कुजबुजते, तेही अगदी कानाशी आल्यावर ऐकू येतं. आख्ख्या शहराला फोन जोडून देणारी माझी बहीण आता फोन वाजला की दुसऱ्याच्या हातात देते. मला अजून त्याचा राग येतो, आणि कुणावर काढावा ते कळत नाही.

भावोजींनी त्या सगळ्या कॅसेट बसून डब्यात उतरवल्या. नंतर मूळ कॅसेट स्वतःच्या हातांनी भंगारवाल्याला देऊन टाकल्या. जन्मभर दुसरी प्रत, तिसरी प्रत करणाऱ्या माणसाला नेमकी तेव्हाच अडगळीची आठवण झाली.

"दोन-दोन ठिकाणी आहे, आता कशाला?" ते म्हणाले.

दुसरं ठिकाण म्हणजे दुसरा डबा. आग लागली, चोर आले तर एकाच घरात दोन्ही डबे नकोत, म्हणून दुसरा त्यांच्या बहिणीकडे ठेवायचा बेत होता. ताई तिला वन्सं म्हणते, म्हणून आम्ही सगळेच वन्सं म्हणतो. पहिल्याच्या शेजारी ठेवून त्यांनी दुसरा डबा काठोकाठ भरला, टॅक्सीत मांडीवर घेऊन गेले आणि वन्संच्या झोपायच्या खोलीत फळीवर बसवून आले. आता रोज संध्याकाळी पहिल्यातलं सगळं इंटरनेटवरून आपोआप दुसऱ्यात जाणार होतं. पहिल्यात जे वाढेल ते दुसऱ्यात वाढेल, पहिल्यात जे पुसलं जाईल ते दुसऱ्यातूनही पुसलं जाईल.

"तंतोतंत," भावोजी म्हणाले. "आरशासारखं."

"आणि पहिल्यातलं चुकून पुसलं गेलं तर?"

"चुकून कोण पुसणार?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

डबा चालू असला की त्यावर हिरवा दिवा लागतो, म्हणून तेव्हापासून रोज संध्याकाळी फोन. "अक्का, दिवा हिरवा आहे का?" पलीकडून वन्सं म्हणायच्या, "आहे." की भावोजी निर्धास्त जेवायला बसायचे. पहिला डबा त्यांना रोज ईमेलही पाठवायचा, पण ती त्यांनी कधी उघडली नाही. यंत्र काय, काहीही लिहितं, असं त्यांचं मत.

मग पहिला डबा बिघडला. एका सकाळी टकटक करायला लागला आणि दुपारी गप्प झाला. खरं सांगते, भावोजी खूश होते. आयुष्यभर ज्या संकटाची तयारी केली ते एकदाचं दारात आलं होतं. मला मुद्दाम बोलावून घेतलं. "बघा आता, कसं सगळं जसंच्या तसं परत येतं."

ताईही शेजारी येऊन बसली. लेकीचे दिवस भरत आले होते, आणि आपण ज्या गोष्टींवर झोपायचो त्याच बाळाला ऐकवायच्या म्हणून ती त्या मागत होती. ताईने त्यासाठी केस नीट विंचरले होते. का, ते मी विचारलं नाही.

भावोजींनी डब्यात नव्या कोऱ्या डिस्क घातल्या, त्याची सगळी जुनी कामं त्याला पुन्हा नेमून दिली आणि सवयीने रोजच्याच कामाचं बटण दाबलं. पडद्यावर पहिल्या डब्याकडून दुसऱ्याकडे जाणारा एक बाण लुकलुकू लागला. मला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही, पण बाण कळतो.

"भावोजी, हे रिकाम्यातून भरलेल्यात चाललंय ना?"

त्यांनी श्वास घेतला आणि रोखला. सोडा म्हणणारं कुणी नव्हतं. मग झडप घालून भिंतीतली वायरच उपटली. पडदा काळा झाला. आता तिकडे किती पुसलं गेलं ते कळायला एकच मार्ग होता.

"अक्का, दिवा हिरवा आहे का?"

"आहे रे," स्पीकरवर वन्संचा आवाज आला. "हिरवागार आहे."

म्हणजे तिकडचा डबा चालू होता. म्हणजे त्याने इकडचा रिकामेपणा इमानेइतबारे उतरवून घेतला होता. भावोजींनी फोन ठेवून दिला. ताई पाठ फिरवून खिडकीशी गेली. ती रडली तरी आवाज होत नाही. खांदे हलले म्हणून कळलं. त्या क्षणी मी भावोजींना काहीही बोलले असते, पण त्यांचा चेहरा बघून बोलवेना.

तिघं तसेच वन्संकडे गेलो. फळीवर टेबलफॅन होता. भावोजींनी फॅनच्या मागे हात घालून बघितलं.

"डबा कुठंय?"

वन्सं जरा घुटमळल्या. मग त्यांनी कपाट उघडलं, खालच्या खणातली पांघरुणं बाजूला केली. तळाशी डबा, भोवती वायर नीट गुंडाळलेली.

"दुपारी आडवी झाले तर घरघरत होता मेला. झोप लागेना. तू बसवून गेलास त्याच दिवशी काढला."

"आणि दिवा?"

"फ्रिजच्या स्टॅबिलायझरचा बघून सांगायचे. तो हिरवाच आहे."

"म्हणजे रोज मला फसवत होतीस?"

"तू रोज विचारायचास," वन्सं म्हणाल्या.

भावोजींना रागवायचं होतं. त्यांनी तोंड उघडलंसुद्धा. पण तोवर ताईने वन्संना मिठी मारली होती, आणि नणंद-भावजयीला असं बिलगलेलं त्या घराने कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

डबा पुन्हा मांडीवर बसून घरी आला. या वेळी बटण दाबण्याआधी बाण कुठून कुठे जातोय ते त्यांनी माझ्याकडून मोठ्याने वदवून घेतलं, मग ताईकडून पडद्यावर बोट ठेवून दाखवून घेतलं. ते काम चालू असताना मी त्यांच्या न उघडलेल्या ईमेल बघत बसले. रोज एक, आणि प्रत्येकीत तेच वाक्य: दुसरा डबा सापडत नाही.

पहिली गोष्ट लावली. आधी खरखर झाली. मग भावोजींचा तरणा आवाज आला, "टेपचा लाल दिवा लागलाय का बघ."

आणि मग ताई. भरदार, हसरा, मी पार विसरून गेलेला आवाज. "लागलाय हो. जा बघू तुम्ही, गोष्ट सांगू दे मला."

भावोजी उघडउघड रडत होते. ताई त्यांच्या कानाशी वाकली. मी जवळच बसले होते म्हणून मलाही ऐकू आलं.

"तेव्हाही बघितला नव्हता मी," ती कुजबुजली.