घरी राहिलेला सिराज

आम्हा मक्केच्या लोकांना काबा उशाशी मिळाला म्हणून सगळं जग आमचा हेवा करतं. करो बापडं. आमच्या गल्लीतल्या सिराजच्या वाट्याला काय आलं, ते जगाला कुठे ठाऊक आहे?

सिराज झमझमचं पवित्र पाणी पाजणारा. विहिरीवरून पाणी आणायचं, मातीच्या सुरयांना धूप देऊन त्यात भरायचं आणि काब्याभोवतीच्या मशिदीत, म्हणजे हरमच्या अंगणात, यात्रेकरूंना प्यायला द्यायचं, हे त्याचं काम. हजला तो शेख तलअतच्या काफिल्याबरोबर अराफातच्या मैदानावर जायचा. घरात तो आणि त्याची आई नफीसा खाला, दोघंच. त्यांच्या वरच्या मजल्यावर मी राहायचे, त्यामुळे खालचा खोकलासुद्धा मला ऐकू यायचा.

अराफातच्या दिवशी, म्हणजे हजच्या मुख्य दिवशी, मक्केत पुरुष उरत नाही. धडधाकट असतील ते सगळे यात्रेकरूंच्या दिमतीला निघून जातात. दिवसभर हरम बायकांचा आणि दिवस मावळला की गल्ल्याही बायकांच्याच. मग नवऱ्यांचे झगे अंगावर चढतात, काजळाच्या मिशा निघतात, ढोल वाजतो आणि मागे राहिलेला एखादा पुरुष सापडला की त्याची अब्रू वेशीला टांगली जाते. वर्षभर तोंड मिटून बसलेल्या बायका एका संध्याकाळी सगळं वसूल करतात. मजा असते, नाही कशाला म्हणू?

त्या वर्षी नफीसा खाला तापाने फणफणली होती. सिराजने सुरया दुसऱ्याच्या हवाली केल्या आणि तो घरी राहिला. मी बाळंतीण, खिडकीच्या जाळीतून बघत होते. जवाहिर खाला कोतवाल बनून पुढे होती. विधवा बाई, पण अडल्यानडल्याला सगळ्यात आधी तीच धावायची.

"अगं बाई, दिवा दिसतोय आत," ती काठीने दार ठोकत म्हणाली. "कोण गं घरधनीण? बाहेर ये जरा, तोंड तरी बघू."

सिराज दारात आला. "खाला, आई आजारी आहे. हळू बोला."

"आई आजारी!" मागून कुणीतरी म्हणालं. "दर वर्षी कुणाची ना कुणाची आई आजारी असतेच."

"हात पुढे कर रे," जवाहिर खाला म्हणाली. "बांगड्या आणल्यात तुझ्या मापाच्या."

हसण्याने गल्ली दणाणली. नफीसा खाला आतून काहीतरी सांगत होती, पण ढोलापुढे तिचा आवाज कुणाला ऐकू जाणार?

एका संध्याकाळची थट्टा म्हणून सोडून द्यायला हवी होती. पण पुरुष परतले, बायकांनी चहाबरोबर ती गोष्ट त्यांना वाढली आणि सिराजचं नावच 'घरधनीण' पडलं. हरमच्या अंगणात, काबा समोर असताना, झमझमचा पेला हातात घेऊन लोक त्याला त्या नावाने हाक मारायचे. ठरलेलं लग्न मुलीकडच्यांनी गुपचूप मोडलं. शेख तलअतने पुढच्या हजसाठी त्याचं नाव सगळ्यात मागच्या तंबूत टाकलं. देवाच्या दारात राहणारी माणसं आम्ही, पण दुसऱ्याला सोलायला आमचे हात जरा जास्तच तयार.

पुढच्या हजला नफीसा खाला अंथरुणाला खिळली होती. तिला ओठ ओले करायलाही माणूस लागायचा. तिची इच्छा एकच होती, ती उठता-बसता बोलून दाखवायची: सिराजने खांदा द्यावा, त्यानेच आपल्या हाताने कबरीत उतरवावं. निघायच्या दिवशी मी खाली गेले तर मायलेकांचं चाललं होतं.

"मी जात नाही, आई."

"जा. मी काही इतक्यात मरत नाही. पुन्हा त्या बायका दारात उभ्या राहिलेल्या मला बघवणार नाहीत."

"नाव तर पडलंच आहे. आता काय उरलंय?"

"माझ्यापायी पडलं ना? मग माझ्यासाठी जा."

तो गेला. आईसाठी गेला असं त्याला वाटलं असेल, पण त्याला ढकललं ते आमच्या सगळ्यांच्या जिभेने, हे मी आजही कुणाच्याही तोंडावर सांगेन.

अराफातच्या दुपारी मी तिला पेज भरवली. "तू हरमला जा," ती म्हणाली, "आजचा दिवस बायकांचा." मी परतले तेव्हा गल्लीत ढोल बंद होता. बायका गंमत म्हणून सिराजचं दार ठोकायला गेल्या होत्या. दार नुसतं लोटलेलं होतं, त्या हसतच आत शिरल्या होत्या. नफीसा खाला गेली होती.

आंघोळ आम्ही घातली, कफन आम्ही बांधलं. पुरुष परतायला अजून तीन-चार दिवस होते आणि मयत तेवढी ठेवता येत नाही; खांदा कोण देणार? जवाहिर खाला तशीच, झग्यात, मिशांसकट रस्त्यावर धावली.

"अरे कुणी पुरुष आहे का?" ती दारोदार विचारत होती. "एक तरी घरी राहिला असेल ना?"

एकही नव्हता. शेवटी हरमचे दोन म्हातारे पहारेकरी, तापातून उठलेला, जावा बेटावरून आलेला एक यात्रेकरू आणि एक अर्धा आंधळा भिकारी, असे चौघे मिळाले. आमच्या गरिबांचं एवढंच भाग्य, की मेल्यावर हरममध्ये हजारो माणसं नमाजाला उभी राहतात. नफीसा खालाच्या वाट्याला धड एक ओळही आली नाही.

हजचे उरलेले दिवस मिनाच्या तळावर काढून सिराज आला तो आईसाठी साखरफुटाण्यांची पुडी घेऊन. आम्ही बायका कबरस्तानात जात नाही, त्यामुळे कबर कुठली, हेही त्याला कुणी नीट सांगू शकलं नाही. यात्रेकरू आपल्या देशाला निघून गेला होता, भिकाऱ्याला दिसलं नव्हतं, आणि पहारेकरी वेगवेगळ्या जागा दाखवत होते. आमच्याकडे कबरीवर नाव नसतं. त्याने दोन्ही जागी दुवा मागितली.

पुढच्या हजला तो गेलाच नाही. दार सताड उघडं टाकून उंबऱ्यावर बसून राहिला. दिवस मावळल्यावर बायका आल्या, त्याला पाहून थबकल्या. जवाहिर खालाने ढोलावर हात ठेवून तो थांबवला.

"वाजवा की, खाला," सिराज म्हणाला. "यंदा आई आजारी नाही. यंदा मी नुसताच घरी बसलोय."