वारूळवाडीतला हिनोकी

लोककथा मिळवायच्या तर गावोगाव हिंडावे लागते, म्हाताऱ्या माणसांची मनधरणी करावी लागते. किश्श्यांचे तसे नसते. विहिरीच्या पायरीवर शेवाळ धरावे तसे ते आपोआप धरतात, आणि पाय घसरल्याशिवाय ते आहेत हे कळतही नाही! आमच्या घराच्या पायरीवर अलीकडे हे शेवाळ फार दाट झाले. सगळे एका झाडापायी.

माणसे तीनच. पहिले माझे थोरले बंधू. त्यांना सगळे गाव दादा म्हणते. बेल्ह्याच्या बैलबाजारात त्यांनी जन्मभर दलाली केली. दुसऱ्या माझ्या वहिनी. तिसरे सलीमभाई, मूळचे जुन्नरचे, वारूळवाडीत रस्त्याकडेला त्यांची नर्सरी आहे. दादांची बायपास झाली, डॉक्टरांनी बाजार बंद केला, आणि पायाला भिंगरी असलेला हा माणूस नव्या बंगल्याच्या अंगणात फेऱ्या घालू लागला. फाटक ते ओटा, ओटा ते फाटक. मधेच थांबून म्हणायचे, "हितं कायतरी पायजे!"

काय पाहिजे, ते त्यांनाही सांगता येत नव्हते.

* * *

शेवटी ठरले : झाड पाहिजे. बारमाही हिरवे, पाचोळा न करणारे, शोभेचे. दादांनी सिल्व्हर ओकचे रोप आणले. वहिनींनी ते त्याच रिक्षाने परत पाठवले.

कारण आमच्याकडची एक समजूत. शोभेचे झाड लावणाऱ्याच्या डोक्यावर गेले, की त्या माणसाचे काही खरे नाही. ही समजूत मी अनेक गावांत ऐकली आहे. कुठे उंची मोजतात, कुठे बुंध्याची जाडी. फळझाडाला मात्र दोष नाही, कारण ते लावणाऱ्याला काही देते. नुसते हिरवे राहणारे झाड लावणाऱ्याचेच काहीतरी घेऊन वाढते, असा त्यामागचा तर्क आहे.

मी वहिनींना हे सारे विस्ताराने समजावले. समजूत कशी तयार होते, ती भीतीला आकार कसा देते, वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"भाऊजी, तुमचं समदं बरोबर हाय. पण पुण्याला तुमच्या दारात काय लावलंय?"

"माझ्या दारात लिफ्ट आहे, वहिनी."

"मंग बसा गप!"

* * *

तोडगा सलीमभाईंनी काढला. त्यांच्याकडे हिनोकी आले होते. हा जपानचा सायप्रस. पंख्यासारख्या पसरट, वळणदार फांद्या, गडद हिरवा रंग. कुणी फुरसतीने विणल्यासारखे झाड.

"भाभी, ही बुटकी जात. तुमच्या कमरेला लागायला नातवंडांची लग्नं व्हतील!"

दादांच्या ऑपरेशननंतर वहिनींच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आले. पण विकणाऱ्याला थांबता येत नाही! सलीमभाई पुढे म्हणाले, "अन् ह्याचीच थोरली जात बघाल तर आभाळाला टेकती! तिकडं देवळं बांधत्यात त्या लाकडाची!"

हसू मावळले. "म्हंजे हे थोरलं बी असतं?"

सलीमभाई घाईघाईने गुलाबाची कलमे दाखवू लागले.

* * *

दादा झाड निवडायला स्वतः गेले, आणि त्यांनी झाड बैलासारखे निवडले. दुसरी रीत त्यांना येतच नव्हती. सगळ्या कुंड्या रांगेत मांडायला लावल्या. पुढून पाहिले, मागून पाहिले. फांदी वर करून पोट पाहिले. बुंध्यावर थाप मारली.

"ऐब काय हाय ह्याला?"

"दुपारचं ऊन सोसत नाय, दादा. अन् पायात पाणी साचलं की बसलंच."

"म्हंजे माझ्यावानीच की!"

त्यांनी दोन रोपे बाजूला काढली, आणि बाजारातल्या सवयीने हुकूम सोडला, "आता चालवून दाखव!"

सलीमभाई आधी हसले. मग दादा हसत नाहीत हे त्यांच्या लक्षात आले. बैल न चालवता घेणे दादांच्या धर्मात बसत नव्हते. शेवटी दोन्ही हिनोकी टेम्पोत चढले, दादा ड्रायव्हरशेजारी बसले, आणि वरात बेल्ह्यापर्यंत जाऊन परत आली. रोपांची एक काडी मोडली नव्हती.

दादा खूष! "प्रवास सोसला. जनावर खानदानी हाय!"

* * *

जनावर खानदानी होते, पण खानदान कोणते ते आता कळायला मार्ग नव्हता. दादांनी निवडलेल्या दोनांतले एक बुटक्या जातीचे होते, दुसरे थोरल्या जातीचे. दोघांच्या गळ्यातल्या चिठ्ठ्या बेल्ह्याच्या वाऱ्यात उडाल्या होत्या. वय आणि उंची सारखीच. सलीमभाईंना हे लपवता आले असते, पण ते स्वतः घरी सांगायला आले.

"कुठलं बुटकं अन् कुठलं थोरलं, अल्ला जाने. ल्हानपणी दोन्ही सारखीच दिसत्यात, भाभी. दुसरं देतो."

"दुसरं नको!" दादा म्हणाले. "पारखून घेतलंय मी." आणि त्यांनी दोनांतले एक ठेवून घेतले. का, तर त्याची ठेवण चांगली होती!

वहिनींनी माझ्याकडे पाहिले. मी एका वनस्पतिशास्त्रज्ञ मित्राला फोटो पाठवला. उत्तर लगेच आले : "दहा वर्षांनी पुन्हा फोटो पाठव. नक्की सांगतो."

* * *

वहिनींचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्यांनी आहुप्याला जायचे काढले. तिथली देवराई जुनी, झाडे प्रचंड. वहिनींचा हिशेब सरळ होता : जिथे एवढी उंच झाडे आहेत, तिथल्या माणसांना उपायही ठाऊक असणार. मीही गेलो. अभ्यासाची सवय!

देवराईच्या कडेला एक आजोबा गुरे राखत बसले होते. वहिनींनी विचारले, "बाबा, ही झाडं कुणी लावली? लावणारा किती वर्सं जगला?"

आजोबा चकित झाले. "लावली? कुणी न्हाई लावली, बाई. म्हणून तर एवढी झालीत!"



* * *

हिनोकी कुंडीतच राहिला. सकाळी ओट्यावर, दुपारी सावलीत, संध्याकाळी पुन्हा ओट्यावर. आता दादांबरोबर झाडही येरझाऱ्या घालू लागले. त्याची मुळे कुंडीत कोंडली होती.

"मी लावून देतो, भाभी," सलीमभाई म्हणाले.

"न्हाई, भाई. तुमच्या घरी तुमची बायकू शबाना हाय. तिनं माझं काय वाकडं केलंय?"

मग सगळे माझ्याकडे वळले. या समजुतीला आधार नाही, हे याच ओट्यावर मी सविस्तर सिद्ध केले होते. मी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिलो.

"समदी पळपुटी!" दादा ओरडले. "आणा ती कुदळ! मीच लावतो!"

वहिनी उठल्या, कुदळ जमिनीवर आडवी टाकली, आणि तिच्यावर पदर सावरून बसल्या. दादांनी बैलाला उठवतात तसे "हो, हो" करून पाहिले. त्या हलल्या नाहीत. त्या दिवशी जेवायला आम्ही नारायणगावला गेलो!

* * *

पुढे एका सकाळी मी दादांना तपासणीसाठी दवाखान्यात नेले. परत आलो तर झाड जमिनीत होते. पूर्वेची बाजू, दुपारची सावली, मातीत मुरूम आणि शेणखत. सगळे सलीमभाईंनी सांगितल्याबरहुकूम. वहिनी भाकऱ्या थापत होत्या. हात धुतलेले होते, पण कोपरांना माती तशीच होती.

"कुणी लावलं?" दादांनी विचारले.

"जागा मोकळी व्हती," वहिनी म्हणाल्या. "हात धुवा. जेवायला बसा."

दादांनी झाडाकडे पाहिले, मग वहिनींकडे. कितीतरी वेळ डोक्यापासून पायापर्यंत, जणू त्यांची उंची ते प्रथमच पाहत होते.

त्यानंतरच्या दिवाळीला सलीमभाई फराळाला आले. आल्या आल्या झाडापाशी गेले आणि आनंदाने ओरडले, "भाभी! चौबाजूंनी कसं भरलंय बघा, अन् वर बोटभर सरकलं नाय! बुटकंच निघालं! सुटलो राव!"

वहिनींनी डोळे मिटून हात जोडले आणि चहा टाकायला आत गेल्या.

सलीमभाई खाली वाकले. शेंडा बोटात धरून निरखला. मग आवाज उतरवून म्हणाले, "दादा, ह्याचा शेंडा कोणतरी खुडतंय. एकदा नाय. सारखं."

दादांनी उजवा हात खिशात घातला. "शेळ्या लई झाल्यात गावात."

कंपाउंडची भिंत पुरुषभर उंच आहे. फाटकाला आतून कडी असते. सलीमभाईंनी भिंतीकडे पाहिले, कडीकडे पाहिले, आणि मग दादांकडे.

तेवढ्यात वहिनी ट्रे घेऊन बाहेर आल्या. "काय म्हंता, भाई? नक्की बुटकंच हाय ना?"

"शंभर टक्के, भाभी!" सलीमभाई म्हणाले. "गॅरंटी माझी!"