अक्कांनी काशीत काय सोडलं

आमच्या घरात अकरा प्रकारचा चहा होता आणि त्यातल्या एकातही चहा नव्हता.

तुळस, आलं, बडीशेप इथपर्यंत कुणाची तक्रार नव्हती. पण निवृत्त झालो आणि माझी झोप उडाली (तीस वर्षं रेल्वेच्या ऑफिसात दुपारी कशी छान लागायची!). मग इथे काशीत घाटावर कुणीतरी भरवलेल्या आरोग्य शिबिरातून मी ब्राह्मी, शंखपुष्पी, अश्वगंधा, जटामांसी असं पोतंभर सामान घरी आणलं. डब्यांवर चिठ्ठ्या डकवल्या. सकाळचा 'आरोग्य' चहा, दुपारचा 'शांती' आणि संध्याकाळचा 'निद्रा'. 'शांती'चा पहिला घोट आमच्या हिने, म्हणजे मंदाने, घेतला आणि सरळ मोरीत थुंकला. त्यावरून आमचं जे वाजलं, ते मंगला गौरीच्या देवळापर्यंत ऐकू गेलं असं शेजारी सांगतात.

आता तुमच्यापासून काय लपवायचं? मलाही तो आवडत नव्हता. पण "आजपासून चहा बंद! यापुढे फक्त हर्बल!" असं मी घरात, गल्लीत आणि फोनवर सगळ्या नातेवाइकांना सांगून बसलो होतो. म्हणून रोज सकाळी 'चालायला' जायचो. पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर खिलावनचं चहाचं दुकान. तिथे मातीच्या पुरव्यातून दाट, आलं घातलेला चहा, एक सोडून दोन! सोबतीला माझा शाळेपासूनचा मित्र बाळू गुरुजी. हा मराठी यात्रेकरूंना पूजा-संकल्प सांगतो. परत येताना तुळशीची चार पानं चघळली की घरी कुणाला पत्ता नाही. असं वर्षभर बिनबोभाट चाललं होतं.

तेवढ्यात मिरजेहून फोन आला. मंदाची थोरली बहीण, विमलाक्का, काशीयात्रेला येणार होती. फोनवर तिचा मुलगा होता. म्हणाला, "काका, आईला झोप लागत नाही. दिवसाला आठ कप चहा पिते. आमचं ऐकत नाही. तुम्ही एवढे हर्बलवाले, तुम्हीच काहीतरी करा."

हर्बलवाले! इतक्या मानाने मला आजवर कुणी हाक मारली नव्हती. मी म्हटलं, "तू निश्चिंत राहा. चहा सोडवूनच पाठवतो."

माझ्या डोक्यात बेत तयार होता. काशीयात्रेला आलेला माणूस जाताना आपला एखादा आवडता पदार्थ गंगेवर सोडतो, तोही जन्मभरासाठी. हातात पाणी घेऊन गुरुजींसमोर नाव घ्यायचं, पाणी सोडायचं, संपलं. लोक मात्र हुशार! बाळूच्या हातून आजवर शेकड्यांनी कारली, दुधी आणि पडवळं सुटली आहेत. एका मधुमेही गृहस्थांनी मोठा त्याग केल्यासारखा चेहरा करून साखर सोडली होती. पण अक्का तशातली नव्हती. सरळ, देवभोळी बाई. तिला सर्वांत प्रिय काय, तर चहा. मग ती चहाच सोडणार. मी फक्त बोट दाखवायचं!

अक्का आली ती ट्रंकेत दोन किलो चहाची भुकटी आणि स्वतःचं गाळणं घेऊन.

"इकडची पूड कशी असेल कोण जाणे," ती मंदाला म्हणाली.

मी पुढे झालो. "अक्का, या घरात चहा होत नाही. आम्ही निद्रा घेतो."

"दिवसाढवळ्या?"

मी तिला सगळी वनस्पतिशास्त्राची गाथा ऐकवली आणि समोर कप ठेवला. हिरवट पाणी, वर तरंगणाऱ्या दोन काड्या. मंदा पदर तोंडाला लावून उभी होती. अक्काने एक घोट घेतला. डोळे मिटले. आणि अक्का म्हणाली, "छान आहे हो, वसंतराव!"

मंदाला ठसका लागला.

त्या दिवसापासून अक्काने जे कौतुक लावलं, ते विचारू नका. शेजारची बाई आली, "आमच्या भावजींचा चहा घेऊन बघा, मला फार आवडतो." दूधवाला आला, त्यालाही तेच. बाळू गुरुजी यात्रेचं विचारायला आला, तर त्याच्यासमोर तीनदा! "गुरुजी, इतकी प्रिय वस्तू मला या वयात मिळेल असं वाटलं नव्हतं." बाळूने माझ्याकडे पाहिलं. मी छाती पुढे काढली. मिरजेला फोन लावला आणि सांगितलं, "केस हातात आहे."

मंदा मात्र स्वयंपाकघरात पुटपुटली, "अक्काला मी पन्नास वर्षं ओळखते. ती एखाद्या गोष्टीला इतकं चांगलं म्हणायला लागली, की मला भीती वाटते."

बायकोचं ऐकायला हवं होतं. पण ऐकतो कोण!

पाचव्या दिवशी मी खिलावनच्या बाकावर दुसरा पुरवा तोंडाला लावला आणि समोर अक्का. अंघोळ करून वर येत होती, हातात तांब्या. माझ्या मिशीला साय.

"हे... हे..." मी म्हटलं, "काढा आहे."

"दुधातला?"

"दुधातला."

"चालू द्या," अक्का म्हणाली आणि निघून गेली. बस्स, एवढंच! घरी आल्यावर एक अक्षर बोलली नाही. मी मनात म्हटलं, बिचारी भोळी बाई, फसली.

त्या दुपारी मी विषय काढला. "अक्का, परवा संकल्प आहे. चहाच सोडून टाका ना. तुम्हाला आता आमचा हर्बल आवडतोच."

"सोडेन की," अक्का म्हणाली. "पण मला एकटीला धीर होत नाही. तुम्हीही माझ्याबरोबर बसा. आधी तुम्ही चहा सोडायचा. तुम्हाला काय जड आहे? तुम्ही तर वर्षभर शिवलाच नाहीत."

मंदा हातातलं काम टाकून बाहेर आली. "हो ना. बसा की हो."

नाही म्हणावं तर वर्षभराचं बिंग फुटतं, आणि हो म्हणावं तर खिलावन जातो! मी "त्यात काय एवढं" म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळूला गाठला. "बाळ्या, उद्या माझा संकल्प जरा पुसट म्हण."

"अरे यार वसंता, संकल्प म्हणजे काय रेडिओ आहे, आवाज कम करायला?"

"पण मी काशीतच राहणारा. हे यात्रेकरूंचं असतं. मला लागू होतच नसेल."

"गंगेवर पाणी सोडलंस की लागू. तिथे कोणी पत्ता नाही विचारत."

"बाळ्या, पन्नास वर्षांची दोस्ती आहे!"

"बरं, देखता हूँ," बाळू म्हणाला. बनारसात 'देखता हूँ' म्हणजे कुणी काही बघणार नसतं, हे जन्म इथे काढूनही मला त्या क्षणी आठवलं नाही.

संकल्पाच्या सकाळी पंचगंगेवर आम्ही ओळीने बसलो. मी, शेजारी अक्का, मागे मंदा. वरच्या पायरीवर खिलावनची किटली फुसफुसत होती, आणि तो वास! एरवी कधी इतका आला नव्हता. बाळूने मंत्र म्हटले, माझ्या ओंजळीत पाणी घातलं. "बोला, काय सोडता?"

"च..." मी म्हटलं.

"जोर से."

"चहा," मी बाळूच्या डोळ्यांत बघत पुटपुटलो. त्या डोळ्यांत पन्नास वर्षांची दोस्ती कुठेच दिसत नव्हती.

"गंगेला ऐकू जाऊ दे, वसंता!"

"चहा!" मी ओरडलो आणि पाणी सोडलं.

वरून खिलावन कळवळून ओरडला, "अरे गुरु! ई का कइ देहला? हमार रोज के दू पुरवा गइल!"

मंदाने मागून शांतपणे विचारलं, "रोजचे दोन?"

मी गंगेकडे तोंड करून बसून राहिलो. निदान अक्काचा चहा तर सुटतोय, असं मनाला समजावत होतो. बाळू तिच्याकडे वळला. अक्काने ओंजळ पुढे केली, डोळे मिटले आणि स्पष्ट, खणखणीत आवाजात म्हणाली, "वसंतरावांचा हर्बल चहा."

आणि ओंजळीतलं पाणी सुटलं.

"अक्का!" मी उठून उभा राहिलो. "हे काय! प्रिय वस्तू सोडायची असते!"

"मग? आठवडाभर काय सांगतेय मी सगळ्यांना? गुरुजींना विचारा."

"हो, माझ्यासमोर तीन बार म्हणाल्या," बाळू गंभीरपणे म्हणाला. "साक्ष आहे. बिलकुल शास्त्रोक्त."

"पण तुम्ही चहा सोडणार म्हणाला होतात!"

"'सोडेन' म्हणाले होते," अक्का पदराने हात पुसत म्हणाली. "कधी, ते कुठे सांगितलं? पुढच्या यात्रेला सोडेन."

मी संतापलो. अक्का पायऱ्या चढून खिलावनच्या बाकावर बसली आणि तिने तीन चहा सांगितले. एक तिला, एक मंदाला, एक बाळूला. मी समोर उभा.

"रागावू नका, वसंतराव," ती म्हणाली. आवाज उतरला होता. "हे गेल्यापासून घर खायला उठतं. मुलगा-सून दिवसभर कामावर. मी चहा टाकते म्हणून समोरच्या वहिनी येतात, पोस्टमन टेकतो, शाळा सुटल्यावर तिथल्या बाई डोकावतात. आठ कपांतले सहा मी नुसते धरून बसते. हा काढा ठेवला, तर कोण येईल हो माझ्याकडे? इथे आल्यापासून तर मला पडल्या पडल्या झोप लागते. तुमची दोघांची भांडणं ऐकत ऐकत."

माझा राग गेला नाही, पण त्याला बसायला जागा उरली नाही. खरं सांगायचं तर मला लाज वाटली. त्या बाईच्या घरातली माणसं मी डब्यात भरून बंद करायला निघालो होतो. मी म्हटलं, "अक्का, प्या तुम्ही. आठाचे दहा कप करा." आणि तिच्या मुलाला फोन करून सांगितलं, की चहाला हात लावू नकोस, जमलं तर संध्याकाळी लवकर घरी येत जा.

अक्का मिरजेला गेली. जाताना चहाची भुकटी मंदाला देऊन गेली. आता आमच्या घरी चारला चहा होतो, शेजारच्या बायका जमतात, वासाने माझा जीव कासावीस होतो, आणि मी कोपऱ्यात 'शांती' पीत बसतो. झोपेचं तर नावच काढू नका. पूर्वी निदान त्या दोन पुरव्यांच्या समाधानावर चार तास लागायची.

बाळूला विचारलं, "यातून सुटायला काही प्रायश्चित्त?"

"है ना. पुन्हा काशीयात्रेला ये."

"मी काशीतच राहतो, बाळ्या!"

"वही तो मुश्किल है," म्हणून त्याने माझ्यासमोर घोट घेतला.

शेवटी वैतागून अक्काला फोन लावला. पलीकडे चार बायकांचा हसण्याचा आवाज येत होता. म्हटलं, "अक्का, मला अजिबात झोप लागत नाही. काय करू?"

"तो निद्रा चहा घेऊन बघा ना," अक्का म्हणाली. "मला तर इतका आवडायचा!"

तेव्हा मी ठरवलं. पुढल्याच एकादशीला बाळूसमोर जाऊन बसलो, ओंजळ पुढे केली आणि म्हटलं, "घाल पाणी. आजपासून दुसऱ्याला सल्ला देणं सोडतो."

बाळूने तांब्या खाली ठेवला. "प्रिय वस्तू आहे, मान्य," तो म्हणाला. "लेकिन वसंता, सुटेल अशी सांग."