पप्पांच्या डाव्या हाताचे पत्ते

आमच्या घरात देव्हारा नाही, नवस नाहीत आणि भूत तर नाहीच नाही. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हाच हे सगळं उंबऱ्याबाहेर गेलं. त्यामुळे मी दापोलीहून भुताच्या पत्त्यांचा खेळ घेऊन आले, तेव्हा पप्पा त्याचा डबा उलटसुलट करून बघत म्हणाले, "काय गो बाय, कृषीची पदवी घेऊन हेच शिकलीस?"

"पदवी घेतली म्हणून तर असले खेळ खेळायची हिंमत आहे," मी म्हणाले. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. ती कुठेही मध्ये आणायला मला लाज वाटत नाही.

पप्पा तेव्हा लोट्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यासाठी कामगारांची बस चालवायचे. बस ठेकेदाराची. रविवारी ती आमच्या अंगणाबाहेर उभी असायची आणि किल्ली दाराजवळच्या खिळ्याला. सोमवारी पहाटे पहिली पाळी. प्रत्येक फाट्यावर माणसं डबा घेऊन बसची वाट बघत उभी.

त्या रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी पडवीत चटई टाकली आणि पत्ते एका रांगेत मांडले. खेळ साधा आहे. बंगल्यात बारा पाहुणे मुक्कामाला आलेत, बारा पत्त्यांवर त्यांचे चेहरे. त्यातला एक मेलेला आहे, पण जिवंतांत मिसळून बसलाय. तो कोण, हे एका खेळाडूने मनात ठरवायचं. दुसऱ्याने प्रश्न विचारायचे आणि उत्तर फक्त हो किंवा नाही. "चष्मा आहे?" "नाही" म्हटलं, की चष्मेवाले सगळे पालथे. शेवटी उरतो तो भूत. चुकलात, तर भूत तुम्हाला खातं.

पप्पा समोर मांडी घालून बसले. भूत मी ठरवलं, प्रश्न ते विचारत होते, तेही अचूक.

"म्हातारा हाय?"

"हो."

"टोपी?"

"नाही."

पटापट पत्ते पालथे झाले. "संपला खेळ! ह्यो मिशीवाला. एकच उरला."

एक नव्हता उरला. त्यांच्या डाव्या हाताला, रांगेच्या अगदी टोकाला, छत्रीवाला म्हातारा चांगला सरळ पडलेला होता. तोच भूत होता.

"पप्पा, दोन उरलेत."

"खंय दोन?"

मला वाटलं मस्करी करतायत. "खाल्लं तुम्हाला भुताने," म्हणून मी हसले आणि परत मांडलं. पुन्हा तेच. डावीकडचे दोन पत्ते त्यांनी पालथे घातलेच नाहीत.

"ठेकेदाराने लायसन बघून ठेवलंय ना तुम्हाला?" मी टोमणा मारला.

आई पडवीच्या कडेला सुकट निवडत होती. ती म्हणाली, "त्येंना समोरचं मीठ दिसत नाय, भूत काय दिसतंय."

तिघंही हसलो. हसता हसता मी सहज एक पत्ता उचलला आणि हात लांब करून त्यांच्या डाव्या खांद्याशी धरला. ते माझ्याकडेच बघत होते. "थांबलीस का? खेळ ना." पत्ता त्यांच्या कानाजवळ होता. मी तो हळूहळू पुढे आणला. जवळजवळ नाकासमोर आला तेव्हा ते दचकले.

"अगो! ह्यो कुठनं आला?"

मी पत्ता खाली ठेवला. डोळ्यासमोर आली ती बस. तिचा डावा आरसा फुटला होता, पप्पा म्हणाले होते म्हैस आडवी आली. डाव्या अंगाला पत्रा चेपला होता, तेव्हा दोष कुणा रिक्षावाल्याचा. आणि बसचा दरवाजा डावीकडे. माणसं उभी राहतात तीही डावीकडेच.

"पप्पा, तुम्हाला डावीकडचं दिसत नाही."

आईचा हात सुकटीत थांबला. पप्पांनी पत्ते जुळवायला घेतले.

"मान वळवली की दिसतं," ते म्हणाले.

म्हणजे त्यांना माहीत होतं! त्यापुढे मला आधी बसला तो धक्का काहीच नव्हता. "आणि तरी तुम्ही उद्या पहिली पाळी घेऊन जाणार?"

"तुझं कॉलेज ह्याच गाडीवर झालं."

"झालं. म्हणून मी गप्प बसू?"

त्यांचा आवाज चढला. "मांड परत! भूत सापडलं तर गाडी मीच नेणार. नाय सापडलं तर तू म्हणशील तसं."

माणसांचे जीव असे पत्त्यांवर लावायचे? पण हुकूम करून मी पप्पांना कधीच काही पटवू शकले नव्हते. मांडलं. या वेळी त्यांनी पूर्ण मान डावीकडे वळवली. टोकापासून एकेका पत्त्यावर बोट ठेवत सरकत गेले. प्रश्न विचारला की परत डाव्या टोकापासून सुरुवात. एकही पत्ता सुटला नाही. शेवटी त्यांनी बरोबर माझं भूत उचललं.

मी हरले होते. आई माझ्याकडे बघत होती, मी चटईकडे.

पप्पा तो पत्ता हातात धरून अंगणाबाहेरच्या बसकडे बघत बसले. मग म्हणाले, "एवढी मान वळवायला गाडीत वेळ कोण देतो."

उठले, खिळ्यावरची किल्ली काढली आणि पत्त्यांच्या मधोमध ठेवली. लगेच ठेकेदाराला फोन लावला. "उद्या दुसरा ड्रायव्हर बघा... नाय, ताप नाय... डाव्या बाजूचं दिसत नाय मला."

तापात, घाटातल्या धुक्यात गाडी नेणारा हा माणूस. "मला जमत नाही" हे मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे उद्याच चिपळूणला जायचं, एवढंच मी बोलले. त्यांनी मान हलवली.

मी पत्ते गोळा करायला लागले.

"पयल्या डावात भूत कोण होता गो?"

मी छत्रीवाला म्हातारा शोधला आणि त्यांच्या समोर, अगदी नाकासमोर धरला. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला.

"असाच एक म्हातारा आमच्या फाट्यावर, डाव्या अंगाला उभा असतो," ते म्हणाले. "रोज."