डबीतली विहीर

ठमीचा राग विरजणासारखा होता. बोलायचा नाही, हलायचा नाही, नुसता घट्ट होत जायचा.

ती आणि तिचा थोरला भाऊ एकाच नाट्यगृहात आवाजाचं काम करायचे. कॉम्प्युटरच्या पडद्यावर डब्या मांडायच्या, रेघांनी जोडायच्या, की त्यातून वादळ, आगगाडी, हवं ते वाजतं. या कामात ठमीचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण तिच्या रेघा सगळ्यांना दिसायच्या. दादा त्या उचलायचा, खाली स्वतःचं नाव घालायचा आणि दिग्दर्शकबाईंपुढे मिरवायचा. एकदा नाही, तीनदा! आयत्या बिळावर नागोबा. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "दादाच आहे ना? घरातलं घरातच राहिलं."

मग आवाजप्रमुखाची जागा रिकामी झाली. नव्या नाटकातल्या विहिरीचा प्रतिध्वनी ज्याचा सरस, त्याला ती मिळणार होती. या वेळी ठमीने रेघा ओढल्याच नाहीत. तीन महिने खपून कोड लिहिला, यंत्रालाच कळेल असा पक्का करून घेतला आणि अख्खी विहीर एका डबीत कोंबली. आता आत डोकावायची सोय नाही. फाइल जतन करताना एका चौकटीत खूण केली असती, तर डबी फाइलच्या पोटातच राहिली असती, फाइलबरोबर कुठेही गेली असती. ठमीने ती खूण मुद्दाम केली नाही. फाइलमध्ये डबीचं नुसतं नाव होतं. डबी होती ठमीच्या कॉम्प्युटरवर.

दादाने तिथेच फाइल वाजवून पाहिली, खूश झाला आणि पेनड्राइव्हवर घेऊन गेला.

निवडीच्या दिवशी सगळ्यांसमोर तो म्हणाला, "ही विहीर माझी." बटण दाबलं. चिडीचूप. पडद्यावर डबी लाल झालेली.

"ठमे," तो कुजबुजला, "हिला काय झालंय गं?"

"उघडून बघ की. तूच केलीस ना?" ठमी मोठ्याने म्हणाली.

"घरी बोलू."

"घरी खूप झालं, दादा."

तिने आपला कॉम्प्युटर आणून जोडला, विहीर सुरू केली आणि तिचा माइक दादाच्या तोंडापुढे धरला. दिग्दर्शकबाईंनी विचारलं, "कुणी केलीय ही?"

दादाच्या कपाळावर घाम होता. ठमीला त्याची कणभरही कीव आली नाही.

"बहिणीने," तो पुटपुटला.

चारही भिंतींमधून विहिरीने ते सात वेळा परत सांगितलं. किती वेळा सांगायचं, ते ठमीने आधीच ठरवून ठेवलं होतं.