लॅमिनेट केलेली भाषणं

वडील गेल्यानंतर वर्षभराने विद्यापीठाच्या अभिलेखागारातून फोन आला. वडील पिंपरीच्या एका कारखान्यात टर्नर होते, शिवाय कामगार संघटनेचे चिटणीस. गेटसभेची भाषणं ते आधी हाताने लिहून काढत. पुढे कारखाना बंद पडला, संघटनाही विरली, पण ते कागद आमच्या दापोडीच्या घरी पेटीत राहिले. आता विद्यापीठाला ते जपून ठेवायचे होते. आमच्या घरात विद्यापीठाची पायरी पहिल्यांदा मी चढलो, तीही वडिलांच्या ओव्हरटाइमच्या जोरावर. त्यांचं अक्षर तिथे कायमचं राहणार, याने मला भरून आलं.

आईला तर माझ्याहून जास्त. मी कामावर गेलो असताना तिने वडिलांसोबत काम केलेल्या शेजारच्या काकांना बरोबर घेतलं, पिंपरी बाजारातलं झेरॉक्सचं दुकान गाठलं आणि सगळी भाषणं लॅमिनेट करून आणली. माझं पदवीचं प्रमाणपत्रही तिने असंच करून घेतलं होतं. आमच्या गल्लीत मोलाच्या कागदाला प्लास्टिक चढतंच.

"दुकानदार म्हणाला, आजी, आता खुशाल चहात बुडवा," ती कौतुकाने सांगत होती.

काका हसले. "तुझ्या बापाला कंपनीनं कधी रेनकोट दिला न्हाई, पोरा. भाषणांना मिळाला बघ!"

आई आणि मी भाषणं घेऊन विद्यापीठात गेलो. अभिलेखागारातल्या बाईंनी पहिलं पान हातात घेतलं आणि प्लास्टिकच्या कडेवरून बोट फिरवलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "काकू, हे प्लास्टिक आता निघत नाही. काढायला गेलं तर कागद फाटेल. आणि आतला गोंद हळूहळू कागद खराब करतो."

"म्हंजे टिकायचं न्हाई?"

"आम्ही लगेच फोटो काढून ठेवू. हे कागदही ठेवू. पण किती टिकतील, ते सांगता येत नाही." मग त्यांनी विचारलं, "घरगुती काही आहे का? पत्रं वगैरे? तीही आम्ही जपतो."

"न्हाई," आई म्हणाली.

पत्रं होती. आई आणि मी तालुक्याच्या गावी राहत होतो तेव्हा वडील पिंपरीहून आईला लिहीत. चौथी शिकलेली आई एकेक अक्षर लावत ती वाचायची. मलासुद्धा तिने कधी हात लावू दिला नव्हता.

परतताना बसमध्ये तिने विचारलं, "माझ्यामुळं बिघडलं का रे?"

मला खोटं बोलवेना. "बिघडलं, आई. पण तू जपायलाच गेली होतीस."



काही दिवसांनी तिने स्वतःच पत्रांची पिशवी काढली. "ह्यांना प्लास्टिक न्हाई. ही तरी ऱ्हातील?"

"राहतील."

"मग चल."

बाईंनी समजावलं की घरच्यांची इच्छा असेल तर पत्रं मोहोरबंद ठेवतात, ठरलेल्या मुदतीआधी कुणालाही वाचायला देत नाहीत. "कधीपर्यंत बंद ठेवू, काकू?"

"मी हाय तोवर."

बाईंनी तसं लिहून घेतलं. आईने पिशवी टेबलावर ठेवली, पण तिचा हात काही निघेना.

"एक घरी ठिवू का?"

"ठेवा की."

आईने सावकाश चाळून एक पत्र काढलं, पदराच्या घडीत ठेवलं आणि बाकीची पुढे सरकवली.