परत एकदा विचारा

आमच्याकडे पंगतीत वाढपी जिलबी घेऊन आला की ताटावर हात आडवा धरायचा असतो. तोंडाने “नको, नको, पुरे” म्हणायचं आणि बोटांत मात्र जिलबी जाईल एवढी फट ठेवायची. पहिल्या विचारण्यालाच हो म्हणणारा माणूस हावरट ठरतो. ही शिस्त माझ्या अंगात आहे. माझ्या सांगलीच्या मैत्रिणीत ती जरा कमी आहे, आणि आष्ट्याच्या मैत्रिणीत तर हाडापर्यंत मुरलेली आहे. आम्ही तिघी सांगलीला कॉलेजच्या होस्टेलवर एका खोलीत राहायचो. मी लग्न होऊन साताऱ्यात आले, एक सांगलीतच राहिली आणि तिसरी आष्ट्याला ऊसवाल्यांच्या घरात जाऊन पडली.

ही आष्ट्याची कपकेक करते. गुळाचे, वेलदोडा घातलेले, वर पांढऱ्याशुभ्र क्रीमचा शेंडा. मोबाइलवर बघून बघून शिकली, आणि आता असे करते की केक म्हटल्यावर नाक मुरडणारी माझ्यासारखी बाईसुद्धा दुसरा मागते. म्हणजे मागत नाही, हात आडवा धरते. पण आजवर ते खाल्ले कुणी? जावांनी, नणंदांनी आणि नवऱ्याच्या दोस्तांच्या पलटणीने. वर पुन्हा “चांगला टाइमपास हाय वहिनींचा” असं सर्टिफिकेट. तिला फक्त एवढंच हवं होतं, की कुणा परक्या जाणकार माणसाने चव बघावी आणि म्हणावं, हे आम्हाला पाहिजेत.

शेवटी सांगलीवालीने पाचगणीच्या एका बड्या इटालियन रेस्टॉरंटला सरळ फोन लावला. या बाईला भीड म्हणून नाही. तिथला शेफ म्हणाला, जेवायला या, कपकेक घेऊन या. आवडले तर आमच्याकडे ठेवू.

पसरणीच्या घाटात गाडी सांगलीवालीच्या हातात, स्टीलचा डबा आष्टेवालीच्या मांडीवर आणि माझा जीव मुठीत. प्रत्येक वळणाला मागून ओरडा यायचा, “हळू गं बाई! शेंडं मोडतील माझं!” आमची हाडं मोडली असती तरी तिला चाललं असतं.

रेस्टॉरंटात पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. डबा आत गेला. आम्हाला मांडीवर पसरायला जे रुमाल दिले ते इतक्या कडक इस्त्रीचे होते, की तोंड पुसायची माझी हिंमत होईना. मेनूतलं काहीच कळेना, म्हणून सांगलीवालीने तिघींचं मागवून टाकलं. परातीएवढ्या ताटाच्या मधोमध बचकभर पास्ता आला. मागोमाग वेटर चीजचा ठोकळा आणि किसणी घेऊन आला आणि अदबीने म्हणाला, “मॅडम, चीज?”

“नको, नको,” आष्टेवाली म्हणाली, हात आडवा धरून. मीही तेच केलं. तो “ओके” म्हणाला आणि चक्क निघून गेला! सांगलीवाली तेवढी आधीच “हो” म्हणून मोकळी झाली होती. ती चीज खात बसली, आम्ही दोघी बघत बसलो.

आष्टेवालीने अजून काट्याला हातही लावला नव्हता. सगळं लक्ष आतल्या दाराकडे. अखेर शेफ आला. बरीच वर्षं परदेशात काढून आलेला, पण मराठी बोलत होता. म्हणाला, “काकू, फार सुरेख झालेत. गुळाची चव तर कमाल आहे. दर आठवड्याला आमच्यासाठी कराल का?”

आणि मी बघतेय तोवर हिचा हात आपोआप उठला आणि ताटावर आडवा झाला.

“न्हाई, न्हाई. आवं, उगंच कशाला? ऱ्हाऊ द्या की.”

“बरं. काही हरकत नाही,” तो म्हणाला. हसून नमस्कार केला आणि आत गेला.

“अगं, काय केलंस हे?” मी जवळजवळ किंचाळलेच.

“काय म्हंजे? एकदम व्हय म्हणू? बरं दिसतं व्हय ते? इचारंल की परत.”

“नाही विचारणार तो!” सांगलीवाली म्हणाली. “चीजवाला आला होता का परत?”

हिने आपल्या कोरड्या पास्त्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, “कॉलेज संपताना मॅडमनी मला इचारलं हुतं. पुण्याला बेकरीचं शिकाय जातीस का, सगळं मी बघते. मी नको म्हणलं. लय वाट बघितली गं. त्यांनी परत इचारलंच न्हाई.”

एका खोलीत तीन वर्षं राहिलो आम्ही, आणि हे आम्हाला ठाऊक नव्हतं. मला भडभडून आलं. त्याहून जास्त राग आला, त्या मेल्या आडव्या हाताचा. मी शेफला गाठायला उठले, तर ही म्हणाली, “तू बस.”

पदर खोचून ती स्वतः आतल्या दाराशी गेली. शेफ हात पुसत बाहेर आला.

“साहेब, मगाशी तुमी मला एकदा इचारलंत. परत एकदा इचारा.”

“काय विचारू?”

“त्येच. मगाचंच.”

तो चक्रावला, पण माणूस भला होता. त्याने तोच प्रश्न शब्दाला शब्द परत विचारला. हिचा उजवा हात कमरेपर्यंत वर आलेला मला दिसला. तो तिने डाव्या हाताने घट्ट धरून ठेवला.

“व्हय! करते!” ती इतक्या जोरात म्हणाली की पलीकडच्या टेबलावरची मंडळी वळून बघायला लागली.

परत येऊन बसली आणि पहिल्यांदा तिने काटा हातात घेतला. वेटर शेजारून जात होता. त्याला थांबवून म्हणाली, “दादा, ते चीज आणा. आन् मी बास म्हणंपतोर थांबू नगा.” तो किसत राहिला, ताट पांढरं होत गेलं, पण बास काही ती म्हणेना. शेवटी ठोकळा संपत आल्यावर तिने मान हलवली.

मग तो माझ्याकडे वळला. “मॅडम, तुम्हाला चीज?”

“नको, नको,” मी म्हणाले, आणि तो निघून गेला.